अपघाताची नोंद : कायदा बदलला, दृष्टी बदलेल काय?



सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी एक निवेदन सिद्ध केले. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नेतृत्व होते. निवेदनात पाच मागण्या होत्या. रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण १८९० मध्ये ती पदरात पडली आणि आजही घरोघरी तिचा उपभोग घेतला जातो. पाचव्या मागणीचा मात्र फारसा उल्लेख होत नाही. गिरणीत काम करताना ज्याला गंभीर दुखापत होईल, त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

या मागणीच्या पोटात एक साधा प्रश्न दडलेला आहे. दुखापत गिरणीतच झाली, हे कोण सांगणार? कामगार सांगेल तर मालक नाकारील. सोबती सांगेल तर त्याची नोकरी जाईल. अशा वेळी एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे त्याच दिवशी, त्याच जागी, शाईने केलेली नोंद. ती असेल तर हक्क आहे. ती नसेल तर जखम असूनही कायद्याच्या दृष्टीने अपघात घडलेलाच नाही. म्हणून अपघाताचे नोंदपुस्तक हा कारकुनी विषय समजून बाजूला सारणे योग्य नव्हे. श्रमिकाच्या हक्काचा आरंभ त्या पुस्तकाच्या पानावर होतो.

कायद्याची वाटचाल

भारतात नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १९२४ पासून अमलात आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना अधिनियम आला. त्याच्या कलम ८८ अन्वये, ज्या अपघातात मृत्यू ओढवेल अथवा कामगार अठ्ठेचाळीस तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकणार नाही, त्या अपघाताची सूचना देणे व्यवस्थापकावर बंधनकारक झाले. १९७६ मध्ये ‘धोकादायक घटना’ हा नवा प्रकार त्यात आला. स्फोट झाला, यारी कोसळली, पण सुदैवाने कोणी जखमी झाले नाही, तरीही ते कळविलेच पाहिजे, असे विधिमंडळाने ठरविले. या दुरुस्तीमागील विचार दूरदर्शीपणाचा होता. आज जी यारी रिकाम्या जागी कोसळली, ती उद्या माणसाच्या अंगावर कोसळू शकते.

त्यानंतर २ डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र आली. त्या आघातानंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. रसायनांच्या वा विषारी द्रव्यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची अचूक व अद्ययावत नोंद ठेवणे आणि ती त्याला पाहावयास मिळणे, हे मालकाचे कर्तव्य ठरले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगाविषयीच्या खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जो कालावधी नंतर संपेल तोवर जपून ठेवावी, असा आदेश न्यायालयाने दिला.

चाळीस वर्षे हा आकडा ऐकून एखादा कारखानदार अचंबित होईल. पण ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा कर्करोग कधीकधी तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. विशीत तंतू श्वासातून आत घेतलेला तरुण साठीत आजारी पडतो. तोवर कारखाना बंद झालेला असतो, मालक बदललेला असतो, सोबती पांगलेले असतात. अशा वेळी त्या वृद्धाच्या बाजूने बोलण्यासाठी कागदाशिवाय दुसरे काय उरते?

२०२५ नंतरचे चित्र

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांपैकी ‘व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामकाजाची स्थिती संहिता, २०२०’ हिच्यात कारखाने, खाणी, गोदी, मळे, बांधकाम, कंत्राटी व स्थलांतरित कामगार इत्यादींविषयीचे तेरा कायदे एकत्र आणले गेले आहेत. अपघात, धोकादायक घटना आणि सूचनीय रोग अशी सूचना देण्याची तिहेरी चौकट संहितेच्या कलम १० ते १२ मध्ये आहे. अठ्ठेचाळीस तासांची कसोटीही कायम आहे. मृत्यूची सूचना मिळाल्यावर दोन महिन्यांच्या आत चौकशी करणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. नोंदवह्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याची मुभा मिळाली आहे. नियोक्त्याने कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू अथवा गंभीर इजा झाली, तर होणाऱ्या दंडाचा किमान अर्धा भाग पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे आणि ठरावीक वयापुढील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करणे, या आणखी दोन तरतुदी वरकरणी नोंदीशी संबंधित वाटत नाहीत. पण नोंदीचा पाया त्याच आहेत. हा माणूस येथे कामाला होता, हे नियुक्तिपत्र सांगते. तो येथे आला तेव्हा त्याची फुप्फुसे व कान कसे होते आणि आज कसे आहेत, हे तपासणी सांगते. सामाजिक सुरक्षा संहितेने तर घरून कामावर जाता-येताना झालेल्या अपघातालाही, काही अटींवर, कामाच्या ओघातील अपघात मानले आहे. राज्य कामगार विमा योजनेतील विमाधारकांना हे संरक्षण २०१० पासूनच होते. आता त्याची व्याप्ती वाढली आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की पूर्वी तो ‘कारखाना’ ठरत असे. नव्या संहितेत ही संख्या वीस झाली आहे. दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना संहितेच्या कक्षेत राहते, आणि धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांसाठी संख्येची अट लागू नाही, हे खरे. तथापि, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली, दोन पॉवर प्रेस आणि सात-आठ पोरे घेऊन चालणारा गाळा कोणाच्या वहीत येणार, हा प्रश्न उरतोच. बोटे तुटण्याचे प्रमाण अशाच ठिकाणी अधिक असते.

आकड्यांची कबुली

कायदा पुस्तकात आहे. व्यवहारात किती आहे, हे पाहण्यासाठी एकच हिशेब पुरेसा आहे. नोंदणीकृत कारखान्यांविषयीच्या सरकारी आकडेवारीनुसार २०१७ ते २०२० या काळात दरवर्षी सरासरी सुमारे अकराशे कामगार मृत्युमुखी पडले आणि चार हजारांच्या आसपास जखमी झाले. म्हणजे एका मृत्यूमागे चार जखमीसुद्धा नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये कामावरील ५,२८३ मृत्यूंची नोंद झाली, आणि त्याच वर्षी खासगी क्षेत्रातील इजा व आजार यांच्या नोंदी सुमारे २६ लाख होत्या. एका मृत्यूमागे जवळजवळ पाचशे!

दोन्ही देशांच्या व्याख्या निराळ्या आहेत, गणनेची क्षेत्रे निराळी आहेत. त्यामुळे ही तुलना काटेकोर म्हणता येणार नाही. पण चार आणि पाचशे यांमधील दरी व्याख्येने भरून निघणारी नाही. भारतीय कामगाराला जखम होत नाही, तो सरळ मरतोच, असे कोणी म्हणणार आहे काय? उघड आहे की मृत्यू लपविता येत नाही म्हणून तो नोंदला जातो. जखम लपविता येते म्हणून ती लपविली जाते. बोटाला सात टाके पडलेला कामगार दुसऱ्या दिवशी येऊन फाटकापाशी बसून राहतो आणि हजेरीपटावर त्याची हजेरी लागते. अठ्ठेचाळीस तासांची कसोटी अशी कागदावर टाळली जाते. खासगी दवाखान्यात ‘घरी पडला’ असे सांगितले जाते, रजेच्या अर्जावर ‘घरगुती कारण’ लिहिले जाते आणि पाकिटातून दवाखान्याचे बिल भागविले जाते. त्या क्षणी कामगारालाही हा उपकार वाटतो. दोन वर्षांनी त्याच बोटाचा सांधा आखडतो, काम सुटते आणि मग लक्षात येते की हक्क मागायला हातात एक चिठ्ठीही नाही.

गुरुग्राम-फरीदाबाद परिसरात वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत बोटे व हात गमावलेल्या कामगारांचा अभ्यास ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून आपल्या अहवालांतून मांडत आली आहे. त्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. अनेक कामगारांच्या हाती राज्य कामगार विम्याचे कार्ड पडले ते अपघात झाल्यानंतर! तोवर तो माणूस कारखान्यात होता, पण कागदावर नव्हता.

नोंद म्हणजे दोषारोप नव्हे

लपवाछपवीचे मूळ केवळ दुष्टपणात शोधणे हा भाबडेपणा ठरेल. बहुसंख्य लहान उद्योजक आपल्या कामगाराच्या जिवावर उठलेले नसतात. त्यांना भीती असते. नोंद केली की निरीक्षक येणार, नोटीस येणार, मोठ्या कंपनीकडून मिळणारे काम जाणार. सुपरवायझरला आपल्या बढतीची भीती असते आणि कंत्राटी कामगाराला उद्याच्या रोजीची. थोडक्यात, नोंद म्हणजे गुन्ह्याची कबुली, अशी सर्वांची समजूत झालेली आहे.

या बाबतीत अमेरिकेतील नियम अभ्यासण्यासारखे आहेत. तेथे १९७० च्या कायद्याखाली नोंदीची पद्धत सुरू झाली. तिची मोठी पुनर्रचना होऊन नवे नियम १ जानेवारी २००२ पासून अमलात आले. त्या नियमांच्या प्रारंभीच स्पष्ट म्हटले आहे की, इजेची नोंद केली याचा अर्थ नियोक्त्याची अथवा कामगाराची चूक झाली असा होत नाही. दोष ठरविणे हे काम वेगळे आणि घडलेले लिहून ठेवणे हे काम वेगळे. केवळ प्रथमोपचाराने भागले तर नोंद नको. त्यापुढे उपचार लागले, काम बदलून द्यावे लागले किंवा रजा पडली, तर सात दिवसांत नोंद झालीच पाहिजे. वर्षभराचा गोषवारा दरवर्षी १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात कामाच्या जागी सर्वांना दिसेल असा लावावा लागतो आणि नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. २०१५ पासून मृत्यूची खबर आठ तासांत, तर रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, अवयव तुटणे किंवा डोळा गमावणे यांची खबर चोवीस तासांत देणे सक्तीचे झाले.

तेथेही सारे आलबेल आहे असे नव्हे. नोंदींचा तपशील सरकारकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविण्याचा नियम २०१६ मध्ये आला, २०१९ मध्ये सैल झाला आणि २०२४ पासून ठरावीक उद्योगांतील शंभर किंवा त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पुन्हा लागू झाला. कामगाराची खासगी माहिती आणि समाजाचा जाणण्याचा हक्क यांत तेथेही ओढाताण आहे. दहा किंवा त्याहून कमी माणसे असलेल्यांना नित्य नोंदीतून सूट आहे. म्हणजे लहान गाळ्याचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. परकीय कायदा जसाच्या तसा उचलून आणण्याचे कारण नाही. पण नोंद आणि दोष यांची फारकत करण्याचे तत्त्व कोणत्याही देशाला उपयोगी पडणारे आहे.

फाटकावर लावलेल्या फलकाचाही या दृष्टीने विचार व्हावा. ‘आजपर्यंत इतके दिवस अपघातमुक्त’ असा तो फलक असतो. हेतू उत्तम आहे. परंतु हजारावा दिवस जवळ आला, मिठाई व बक्षिसे ठरली आणि नेमका त्याच दिवशी एखाद्याचा हात सापडला, तर सबंध खात्याचा रोष त्या जखमी माणसावर ओढवतो. तो मुकाट्याने हात रुमालात गुंडाळतो. फलकावरचा आकडा वाढतो आणि सुरक्षितता कमी होते. त्याऐवजी ‘थोडक्यात टळलेले किती अपघात या महिन्यात कळविले गेले’ हा आकडा लावला, तर तीच स्पर्धा हितकारक होईल. हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ मध्येच प्रतिपादन केले होते की एका मोठ्या अपघातामागे अनेक किरकोळ इजा आणि त्याहून कितीतरी अधिक टळलेले प्रसंग असतात. त्यांच्या नेमक्या प्रमाणाविषयी पुढे मतभेद झाले, पण लहान घटना लिहिणारा कारखाना मोठी घटना टाळण्याची संधी मिळवितो, हे तत्त्व टिकून आहे.

आजार : सर्वांत मोठी रिकामी ओळ

अपघात निदान डोळ्यांना दिसतो. व्यवसायजन्य आजार दिसत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कापसाची धूळ श्वासातून जाऊन होणारा ‘बिसिनोसिस’ हा रोग विचित्र होता. सुट्टीनंतर सोमवारी कामावर परतल्यावर छाती विशेष आवळून येई. चाळीतल्या माणसांनी त्याला दमा म्हटले, खोकला म्हटले; आणि कित्येकांच्या बाबतीत तो दमा म्हणूनच संपला. बिसिनोसिस, सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस, शिशाची विषबाधा, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा असे एकोणतीस रोग कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. असा रोगी आढळल्यास कळविणे हे डॉक्टरांचेही कर्तव्य आहे. तरीही या रोगांच्या नोंदी देशाच्या आकाराच्या मानाने नगण्य आहेत.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी इ. स. १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली : ‘तुझा व्यवसाय कोणता?’ तीन शतके उलटली, तरी केसपेपरावरील व्यवसायाची ओळ बहुधा कोरी असते. खोकणारा मजूर क्षयाच्या औषधावर ठेवला जातो. तो दगड फोडतो की काच दळतो, हे विचारलेच जात नाही.

त्याची किंमत काय पडते? मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार या भागांतील वनवासी बांधव गुजरातमधील गोध्रा परिसरात क्वार्ट्झ दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले. त्या सूक्ष्म धुळीने फुप्फुसांवर व्रण पडतात. त्यावर बरे करणारे औषध नाही. ही माणसे गावी परतली आणि एकामागून एक मृत्यू पावली. भरपाई मागायची तर कोणाकडे? हजेरीपट नाही, नियुक्तिपत्र नाही, विमा कार्ड नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने प्रकरण हाती घेतले आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. जी गोष्ट कारखान्यातील एका वहीने व्हावी, तिच्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि तेव्हा हक्काचा माणूस हयात नव्हता. राजस्थानने २०१९ मध्ये फुप्फुसांच्या अशा रोगांविषयी स्वतंत्र धोरण आखले आणि रोग्यांच्या नोंदणीसाठी ऑनलाइन व्यवस्था उभारली. रोग्याने स्वतः पुढे येऊन नोंद करावी, ही वाट तेथे खुली झाली. अन्य राज्यांनी तिचा अभ्यास करण्याजोगा आहे.

समाजाने काय करावे?

कायद्याची अंमलबजावणी शासनाने करावी, हे खरे. पण येथे बसलेल्यांपैकी कोणी उद्योजक आहे, कोणी सुपरवायझर, कोणी डॉक्टर, कोणी हिशेबनीस, तर कोणी वस्तीत जाऊन काम करणारा कार्यकर्ता. नोंद करणारा किंवा ती टाळणारा हात याच वर्गातला असतो. म्हणून काही गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत.

उद्योजकाने पहिल्या दिवशी नियुक्तिपत्र द्यावे आणि विम्याची नोंदणी करावी. अपघाताची वाट पाहू नये. विमा असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के रक्कम विमा योजनेतून मिळते. म्हणजे प्रामाणिक नोंद मालकाचाही भार हलका करते. सुपरवायझरने जखमी माणसाचे नाव, वेळ, यंत्र आणि साक्षीदार त्याच पाळीत लिहावेत. कंत्राटदाराचा माणूस म्हणून वेगळे काढू नये. डॉक्टरांनी व्यवसायाची ओळ भरावी आणि ‘घरी पडला’ हे वाक्य कोणाच्या सांगण्यावरून लिहू नये. कार्यकर्त्याने वस्तीत गेल्यावर तीन कागदांची चौकशी करावी : नियुक्तिपत्र, विमा कार्ड आणि दवाखान्याची कागदपत्रे. हे तीन कागद जपून ठेवायला एखाद्या घराला शिकविले, तरी ती मोठी सेवा आहे. आणि ज्या कुटुंबातला मुलगा वा मुलगी कारखान्यात जाते, त्या कुटुंबाने महिन्याच्या पगाराइतक्याच आस्थेने विचारावे : आज काही लागले तर नाही? लागले असेल तर लिहिले का?

खंडेनवमीला गावोगावच्या कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या जातात, हळदकुंकू वाहिले जाते. ही कृतज्ञता मोलाची आहे. प्रत्येक यंत्राची एक वहीही असते. तेल केव्हा घातले, पट्टा केव्हा बदलला, बिघाड केव्हा झाला, हे सारे तारीखवार लिहिलेले असते, कारण न लिहिल्यास यंत्र बंद पडेल हे सर्वांना ठाऊक असते. त्या यंत्रावर चालणाऱ्या हाताचीही तितकीच काटेकोर वही ठेवली जावी, एवढीच अपेक्षा आहे. लोखंडे यांच्या निवेदनातील रविवारची मागणी सहा वर्षांत मान्य झाली. पाचवी मागणी कायद्याच्या पुस्तकात केव्हाच येऊन बसली आहे. ती प्रत्येक गाळ्यात पोहोचविणे मात्र बाकी आहे, आणि ते काम कोणत्याही अधिसूचनेची वाट न पाहता उद्या सकाळच्या पाळीपासून सुरू करता येण्यासारखे आहे.